विटाळ आणि संसर्ग : प्लेगच्या इतिहासातील न लिहिलेले पान

१

मागल्या वर्षी प्रथम वर्ष कलाशाखेच्या वर्गात मी १८९७ सालचा पुण्याचा प्लेग शिकवीत होतो. क्रमिक पुस्तकात असते तेच सांगत होतो. रँडसाहेब आला, गोऱ्या सोजिरांनी घरोघर झडत्या घेतल्या, माजघरात आणि देवघरात बुटांसकट शिरले, लोक संतापले आणि २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली. परीक्षेला हा प्रश्न हमखास येतो. मुले मान खाली घालून टिपणे घेत होती. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, प्लेगनं मेलेल्यांना उचललं कुणी? अन् शहरातली घाण तवा कोण काढत होतं?"

मला उत्तर देता आले नाही. मी इतिहास घेऊन एम. ए. झालो आहे. माझे वडील एका नगरपालिकेत तेहतीस वर्षे सफाई कामगार होते. त्यांच्या पगारावर मी शिकलो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढले नव्हते. म्हणजे हा प्रश्न वर्गातल्या कुणालाही सुचण्याआधी मला सुचायला हवा होता. तो सुचला नाही, याचे कारण माझ्या शिक्षणात आहे. आम्ही प्रस्थापितांचा इतिहास पाठ करून पास होतो आणि नोकरी लागल्यावर तोच पुढच्या पिढीला पाठ करायला देतो.

साथीच्या रोगांचा इतिहास आपल्याकडे प्रामुख्याने दोन तऱ्हांनी लिहिला गेला. एक डॉक्टरांचा इतिहास : कोणता जंतू कोणी शोधला, लस कोणी काढली. दुसरा राज्यकर्त्यांचा आणि त्यांच्याविरुद्ध लढणाऱ्यांचा : कोणता कायदा झाला, कोणी जुलूम केला, कोणी सूड घेतला. या दोन्ही इतिहासांचे मोल मी नाकारीत नाही. परंतु रोगाच्या सर्वांत जवळ ज्यांना उभे केले गेले, घाण ज्यांच्या डोक्यावरून वाहिली, त्यांचा इतिहास या दोहोंतही सापडत नाही. त्या मुलीच्या प्रश्नापासून मी जे वाचले, जे जुळवून पाहिले, ते येथे मांडतो आहे.

२

माझी आजी मरीआईच्या गाड्याची गोष्ट सांगत असे. गावात पटकी सुरू झाली की लहानसा लाकडी गाडा करायचा. त्यात देवी बसवायची, हिरवे लुगडे, बांगड्या, नैवेद्य ठेवायचा आणि वाजतगाजत गाडा शिवेबाहेर नेऊन सोडायचा. रोग गेला, असे गावाने मानायचे. पलीकडच्या गावाने तो गाडा आपल्या शिवेत दिसला की घाबरून आणखी पुढे सारायचा. मरीआईचे देऊळ बहुधा महारवाड्यात किंवा त्याच्या कडेला, आणि तिचा पुजारी महार. गावाने ज्या देवीला भ्यावे तिलाही आमच्याच शेजारी जागा दिली होती!

आजीच्या या गोष्टीत मला आता एक संपूर्ण समाजशास्त्र दिसते. रोगही शिवेबाहेर आणि माणसेही शिवेबाहेर. मेलेले ढोर ओढणे, मयताचा सांगावा परगावी नेणे, सरणाची लाकडे वाहणे ही कामे महाराच्या वतनात बांधलेली. वस्ती बहुतेक गावांत उताराच्या बाजूला; गावाचे सांडपाणी उतरून यायचे ते तिथेच. घाण ज्या दिशेला लोटली त्याच दिशेच्या लोकांना घाण म्हटले गेले. आधी घाण तिकडे गेली आणि मग नाव पडले, की नाव आधी पडले होते म्हणून घाण तिकडे लोटली, हा वाद पंडितांनी घालावा. भोगणाऱ्यांच्या दृष्टीने फरक पडत नाही.

येथे दोन कल्पना वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. एक विटाळ आणि दुसरी संसर्ग. वरवर पाहता दोन्ही स्पर्शाच्याच कल्पना आहेत. म्हणून आजही कुणी सुशिक्षित मनुष्य ऐटीत सांगतो की, आमच्या पूर्वजांना जंतुशास्त्र ठाऊक होते, म्हणूनच त्यांनी सोवळेओवळे पाळले. हा युक्तिवाद तपासून पाहू.

विटाळ जन्माला चिकटलेला असतो. तो उकळून जात नाही, साबणाने जात नाही, पिढ्या उलटल्या तरी जात नाही. शिवाय तो मोठा सोयीचा असतो. महाराने पिकवलेली ज्वारी चालते, त्याच ज्वारीची त्याच्या घरची भाकरी चालत नाही. त्याने फोडलेली लाकडे चुलीत चालतात, त्याचा हात घागरीला चालत नाही. सोने आणि रोकड तर कधीच विटाळत नाही.

संसर्गाला जन्म कळत नाही. पटकीचा जंतू रोग्याच्या विष्ठेतून बाहेर पडतो, पाण्यात जातो आणि त्या पाण्यातून दुसऱ्याच्या तोंडात. रोगी शंकराचार्य असो की झाडूवाला, वाट तीच. लंडनमध्ये १८५४ साली डॉ. जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाच्या पाण्याशी पटकीचा संबंध दाखवून दिला. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्याच्या तळ्यांमध्ये तो जंतू ओळखला. ही वाट एकदा कळली की ती तोडताही येते. पाणी उकळा, त्यात क्लोरीन टाका, विहीर आणि शौचकूप यांत अंतर ठेवा, हात धुवा. आणि रोग झालाच तर शरीरातून गेलेले पाणी व क्षार भरून काढा. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, साखर आणि पाणी यांच्या द्रावणाने हजारो जीव वाचवले. त्या द्रावणाला मंत्र लागला नाही.

देवी, क्षय आणि अलीकडचा कोविड हे मुख्यतः श्वासावाटे पसरणारे रोग. तेथे गर्दी, कोंदट खोली, बंद खिडकी हे रोगाचे मित्र. प्लेगाची वाट तिसरीच, ती पुढे येईल. प्रत्येक रोगाची साखळी निराळी आणि तिची तोडण्याजोगी कडीही निराळी. विटाळाच्या शास्त्राला यातले काहीच ठाऊक नव्हते. विटाळ पाळणारा मनुष्य गोमूत्राने शुद्ध झालेले पाणी निर्धास्त पितो आणि महाराने उकळून दिलेले पाणी ओतून टाकतो. जंतूच्या दृष्टीने पाहिले तर त्याने नेमके उलटे केले. तेव्हा सोवळ्याला जंतुशास्त्र म्हणणे हे जंतुशास्त्राचे अज्ञान आहे, आणि त्याहून अधिक, अन्यायाला विज्ञानाचे लुगडे नेसवणे आहे.

३

या विटाळाची आणि विज्ञानाची पहिली मोठी गाठ देवीच्या लसीवरून पडली. जेन्नरने १७९६ साली इंग्लंडात गोस्तनदेवीची लस सिद्ध केली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली आणि हिंदुस्थानात लस टिकली. तेव्हा शीतपेट्या नव्हत्या. लस जिवंत ठेवण्याचा मार्ग एकच : एका मुलाच्या दंडावर आलेल्या फोडातील लस काढायची आणि दुसऱ्या मुलाच्या दंडावर टोचायची. दंडावरून दंडावर, मुलावरून मुलावर, अशी ती गावोगाव गेली.

आता हा दंड कुणाचा? आपल्या मुलाचा फोड फोडून लस काढू द्यायला वरिष्ठ जातींतले पालक सहसा तयार नसत. मग टोचणारे लोक गरिबांची, खालच्या मानलेल्या जातींची मुले गाठत. त्यांच्या दंडातली लस आपल्या मुलाच्या रक्तात जाणार, म्हणून पुन्हा वरिष्ठांची कुरकुर. पुढे वासराच्या अंगावर लस तयार करण्याची पद्धत आली तेव्हा ही अडचण सुटली. वासराचा विटाळ नव्हता!

त्या मुलांची नावे कुठल्याही दप्तरात शोधून सापडायची नाहीत. मात्र त्यांच्या दंडांवरून चालत गेलेल्या लसीने असंख्य जीव वाचले आणि अखेर १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने देवीचा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. या विजयाच्या इतिहासात त्या दंडांची नोंद व्हावी, एवढे तरी आपण मागायला हवे.

४

आता प्लेगाकडे येतो. १८९४ साली हाँगकाँगात प्लेग उसळला आणि तेथेच अलेक्झांडर येर्सिन यांनी त्याचा जंतू शोधला. जहाजांच्या वाटेने रोग मुंबईस आला. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी मांडवी भागातील रोग्यांवरून हा गाठीचा प्लेग असल्याचे निदान केले.

मांडवी हे नाव नीट लक्षात घेतले पाहिजे. बंदराला लागून असलेला हा धान्याच्या वखारींचा भाग. खाली गोदामे, वर व्यापाऱ्यांची आणि त्यांच्या माणसांची दाट वस्ती. प्लेग तेथे प्रथम दिसला, कारण तेथे धान्य होते आणि धान्यावर उंदीर होते. प्लेग हा मुळात उंदरांचा रोग. रोगी उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा गरम रक्त शोधत बाहेर पडतात आणि माणसाला चावतात. म्हणजे रोग पोसला गेला तो गोण्यांच्या थप्प्यांवर. तरीही साथ सुरू होताच सरकारी अधिकारी आणि शहरातले प्रतिष्ठित, दोघांच्याही तोंडी एकच भाषा आली : घाणेरडे लोक, त्यांच्या घाणेरड्या सवयी. गाठीचा प्लेग पिसवेमुळे पसरतो हे पॉल-लुई सिमों यांनी १८९८ साली कराचीत प्रयोगाने दाखवले. पण कित्येक वर्षे डॉक्टरांनीच त्यावर विश्वास ठेवला नाही. तोवर गटारांत कार्बोलिक ओतणे, घरांची कौले काढणे, सामान जाळणे, रोग्याला आणि त्याच्या आप्तांना उचलून नेणे हेच उपाय चालू राहिले. उंदीर मात्र भिंतीतून शेजारच्या घरात जाई.

ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर पी. सी. एच. स्नो यांनी रोग्यांना सक्तीने रुग्णालयात हलवण्याचा हुकूम काढला. लोकांत दहशत पसरली. रुग्णालयात नेलेला मनुष्य परत येत नाही, असा समज होता आणि तो अगदीच निराधार नव्हता. २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगारांनी ऑर्थर रोडच्या सांसर्गिक रोगांच्या रुग्णालयावर हल्ला केला. लागलीच स्नो यांनी सक्ती सैल केली.

का सैल केली? स्नो यांनी स्वतःच्या अहवालात जी कारणे दिली त्यांत एक कारण आपल्याला विचार करायला लावणारे आहे. मुंबईचे शौचकूप साफ करणारे हलालखोर आणि रस्ते झाडणारे झाडूवाले घाबरून शहर सोडून गेले तर काय होईल, ही धास्ती त्यांना होती. मुंबईत त्या काळी बहुसंख्य घरांचा मैला माणसेच डोक्यावरून वाहून नेत. ही माणसे गेली तर शहर राहण्याजोगे उरणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. १८९१ च्या खानेसुमारीप्रमाणे मुंबईची लोकसंख्या सव्वाआठ लाखांच्या आसपास होती. फेब्रुवारी १८९७ पर्यंत त्यातली जवळपास निम्मी माणसे शहर सोडून गेली. व्यापारी गेले, कारकून गेले, गिरणी कामगार गेले. सरकारची सारी चिंता मात्र एकाच गोष्टीवर खिळली होती : हलालखोर जाता कामा नये.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. शहरातली घाण आपल्याच माणसांनी काढली. ती माणसे राहिली म्हणून मुंबई राहिली. ज्यांच्या सावलीचा विटाळ होत होता त्यांच्यावाचून एक दिवस भागत नाही, हे त्या साथीत सर्वांना उघड दिसले. प्रश्न असा की, दिसल्यावर काय झाले? हलालखोरांचे दर्जे वाढले नाहीत, वस्त्या सुधारल्या नाहीत, विटाळ सरला नाही. आवश्यकता मान्य झाली, माणूसपण मान्य झाले नाही. श्रमाची गरज आणि श्रमिकाचा तिरस्कार एकाच घरात सुखाने नांदू शकतात, हा जातिव्यवस्थेचा खरा चमत्कार!

५

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. सरकारला पाहिजे ते नियम करण्याचा अधिकार त्याने दिला. नागरिकाचे हक्क कोणते, हे सांगणारे एकही कलम त्यात नव्हते. त्यानंतर पाचव्या दिवशी, ९ फेब्रुवारीला, मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे प्लेगाने गेले. १८८४ साली गिरणी कामगारांची पहिली संघटना उभारणारा, 'दीनबंधू' चालवणारा, कामगाराला रविवारची सुटी मिळवून देणारा हा सत्यशोधक साथीच्या त्या दिवसांत मुंबई सोडून गेला नाही.

महिन्याभराने, १० मार्च १८९७ ला, पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या. त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांना त्यांनी बोलावून घेतले होते आणि हडपसरजवळच्या माळावर प्लेगाच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून दवाखान्यात आणले. त्यांनाच लागण झाली. वय छेसष्ट.

या प्रसंगाकडे आपण भक्तिभावाने पाहतो, आणि पाहावेही. परंतु त्याचा विचार म्हणून अर्थ लावला पाहिजे. सावित्रीबाईंनी संसर्गाची भीती नाकारली नव्हती. रोग्यांना वस्तीपासून दूर, मोकळ्या हवेत ठेवावे हे त्या जाणत होत्या, म्हणून तर दवाखाना गावाबाहेरच्या माळावर. त्यांनी नाकारला तो विटाळ. रोग्यापासून सावध राहायचे, पण रोग्याला टाकायचे नाही. ही रेषा त्या काळात फार थोड्यांना दिसली. मुंबईत निरनिराळ्या जातीजमातींनी आपापली प्लेगची रुग्णालये काढली. पुण्यात लोकमान्य टिळकांनी हिंदू प्लेग रुग्णालय चालवले. सरकारी रुग्णालयात लोक जाईनात याची जी कारणे होती त्यांत परजातीच्या माणसाच्या शेजारी खाट आणि परक्या हातचे अन्नपाणी हेही एक होते. मरणाच्या दारातही पंगत निराळी हवी होती.

रँडची झडतीची मोहीम सुरू झाली ती मार्चच्या मध्यास, सावित्रीबाई गेल्यानंतर. सोजिरांनी जुलूम केला यात शंका नाही. स्त्रियांचा अपमान झाला, गरिबांची चीजवस्तू जाळली गेली. परकीय सत्तेची ती मग्रुरी होती आणि तिचा निषेधच केला पाहिजे. पण इतिहासाच्या पुस्तकात रँडला चार पाने मिळतात आणि सावित्रीबाईंच्या मृत्यूला एक ओळ, तेव्हा आपल्याला काय शिकवले जाते? देवघरात शिरलेल्या बुटाचा संताप हा राष्ट्राचा इतिहास ठरतो. पाठीवरून नेलेले महाराचे पोर ही एका सेवाभावी बाईची आठवण ठरते. मला वाटते, त्या वर्षी पुण्यात साथीविरुद्धचा खरा लढा मुंढव्याहून हडपसरच्या माळाकडे जाणाऱ्या वाटेवर झाला.

६

प्लेगाने मुंबईच्या घरांचा प्रश्न उघड्यावर आणला. १८९८ साली मुंबई शहर सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. त्याने कोंदट वस्त्या पाडल्या, हवेशीर रस्ते काढले. पाडलेल्या वस्त्यांतली माणसे मात्र शेजारच्या वस्त्यांत घुसून तेथली दाटी वाढवीत राहिली. पाडले गेले ते अधिक, बांधले गेले ते कमी. तरीही ट्रस्टने काही चाळी बांधल्या. परळच्या अशाच एका बी. आय. टी. चाळीतील दोन खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आयुष्यातली कितीतरी वर्षे काढली. प्लेगामुळे जन्मलेल्या ट्रस्टच्या त्या चाळीत राहत असतानाच त्यांनी महाडचा लढा दिला. हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो अनुयायांसह चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. तळे नगरपालिकेचे, सार्वजनिक. मुसलमान, ख्रिस्ती त्याचे पाणी घेत, जनावरेही पीत. त्यानंतर महाडच्या सनातन्यांनी काय केले? दूध, दही, शेण आणि गोमूत्र यांनी भरलेल्या १०८ घागरी तळ्यात ओतल्या आणि मंत्र म्हणून तळे शुद्ध झाल्याचे जाहीर केले.

या घटनेचा सामाजिक अर्थ आपण अनेकदा सांगितला आहे. आरोग्याच्या अंगाने ती क्वचितच पाहिली जाते. कॉखने पटकीचा जंतू ओळखून तेव्हा ४३ वर्षे झाली होती. पाण्यात विष्ठा जाऊ देऊ नये हा धडा जगभर शाळेतल्या मुलांना शिकवला जात होता. आणि येथे शहाणीसुरती माणसे पिण्याच्या तळ्यात शेण ओतून त्याला शुद्धी म्हणत होती. विटाळ आणि संसर्ग या दोन कल्पनांतले अंतर याहून स्पष्ट दुसरीकडे कोठे दिसणार? त्याच महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचे मांस सोडा, स्वच्छ राहा, असे आपल्या लोकांना बजावले होते. म्हणजे स्वच्छतेचा आग्रह धरणारा पक्ष कोणता आणि पाण्यात घाण कालवणारा कोणता, हे इतिहासाने लिहून ठेवले आहे. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तळ्यावरचा अस्पृश्यांचा हक्क मान्य केला.

पाण्याचा हक्क हा मानवी प्रतिष्ठेचा प्रश्न आहे, तसाच तो रोगप्रतिबंधाचाही आहे. जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला त्यातही हे दोन्ही होते. ज्या वस्तीला स्वच्छ विहीर नाही तिला पटकी, विषमज्वर, कावीळ चुकत नाही. आणि जिला रोग चुकत नाही तिला पुन्हा 'रोगट' म्हणून दूर ठेवले जाते. हे चक्र आमच्या मागल्या कित्येक पिढ्यांनी भोगले.

७

आत्मपरीक्षणही केले पाहिजे. आमच्या वस्त्यांतून लस टोचणाऱ्याला पाहून आया पोरे लपवीत होत्या. ताप आला की भगताकडे, अंगारा-दोरा, कोंबडे हे आमच्याही घरी होते. मरीआईचा पुजारी असण्यात एक प्रकारचा मान वाटणारी माणसे आमच्यात होती. तो मान कसला होता? रोग तुमच्या दारात ठेवल्याबद्दलचा! १९५६ च्या धम्मदीक्षेने आम्ही ते देव्हारे सोडले. पण देव्हारा सोडणे आणि कार्यकारणभाव समजून घेणे या दोन गोष्टी आहेत. दुसरीचे काम अद्याप अपुरे आहे.

आणि प्लेग हा केवळ जुना विषय आहे, असेही नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात आणि पाठोपाठ सुरतेत प्लेगाने डोके वर काढले. सुरतेहून लाखो मजूर पळाले, त्यांत खानदेशातली माणसेही होती. आता औषध आहे. वेळेवर मिळाले तर प्लेगाचा रोगी बरा होतो. परंतु साखळी तीच : साठलेला कचरा, उंदीर, पिसवा, दाटी.

मार्च २०२० मध्ये कोविड आला तेव्हा महाराष्ट्रात पुन्हा १८९७ चाच कायदा लागू झाला. ऑर्थर रोडचे ते रुग्णालय आता कस्तुरबा रुग्णालय आहे. मुंबईतले कोविडचे पहिले रोगी तेथेच आले. १२३ वर्षांनी कायदा तोच, रुग्णालय तेच. आणि घाण उचलणारे हातही त्याच जातींचे.

माझे वडील तेव्हा नोकरीत होते. २२ मार्चला गॅलऱ्यांतून टाळ्या वाजल्या, थाळ्या वाजल्या. त्यांना हातमोज्यांचा एक जोड मिळाला. तो आठवड्यात फाटला. रोगी असलेल्या घरांचा कचरा ते त्याच हातांनी उचलत. ज्या दुकानातून ते वर्षानुवर्षे चहा-साखर घेत, तेथला दुकानदार त्यांना पाहून पैसे फळीवर ठेवायला सांगू लागला. इतर गिऱ्हाइकांचे पैसे तो हातातच घेत होता. एका संध्याकाळी घरी येऊन, आंघोळ करून, ओट्यावर बसून ते म्हणाले, "विटाळ गेला म्हनत व्हते. त्यो नाव बदलून आला बघ." त्यांनी कोणतेही पुस्तक वाचलेले नाही. या लेखात मी सात भागांत जे सांगतो आहे ते त्यांनी एका वाक्यात सांगितले.

'सामाजिक अंतर' हा शब्द त्या दिवसांत घरोघर झाला. ज्या समाजाने हजारो वर्षे सामाजिक अंतरच पाळले त्याला हा शब्द खटकला नाही. जंतूला थोपवण्यासाठी हवे होते ते शारीरिक अंतर. तेही सर्वांनी, सर्वांपासून आणि ठरावीक काळापुरते. संसर्गाचा नियम सर्वांना सारखा असतो. जो नियम काहींनाच लागू केला जातो तो विटाळ समजावा. साथ आली की कोणत्याही हुकमाला, कोणत्याही सवयीला ही कसोटी लावून पाहावी.

८

२०१३ साली हाताने मैला उचलण्यास बंदी करणारा कायदा झाला. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटारात मरण पावलेल्या प्रत्येक कामगाराच्या कुटुंबाला १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख केली. तरी गटारांत आणि मैल्याच्या टाक्यांत माणसे गुदमरून मरण्याच्या बातम्या येतच आहेत. त्या टाकीत उतरणारा मनुष्य आपल्या सर्वांच्या आरोग्याचे रक्षण करीत असतो. पटकी आणि कावीळ यांची साखळी जेथे तुटते त्या कडीवर तो उभा असतो. डॉक्टर रोग झाल्यावर येतो. सफाई कामगार रोग होऊ नये म्हणून आधीपासून उभा असतो. असे असता रोगप्रतिबंधाच्या आपल्या कल्पनेत त्याचे आरोग्य कोठेच का बसत नाही?

कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी यासाठी काही कामे हाती घ्यावीत असे मला वाटते. आपल्या गावातल्या, वस्तीतल्या पाण्याची तपासणी कधी झाली, तिचा निकाल काय, हे ग्रामपंचायतीला आणि नगरपालिकेला लेखी विचारावे. सफाई कामगारांना लस, वैद्यकीय तपासणी, हातमोजे, बूट मिळतात काय, आणि कंत्राटी कामगारांना मिळतात काय, याची नोंद ठेवावी. शाळा-कॉलेजांत जंतुशास्त्राचा धडा आणि अस्पृश्यतेचा धडा निरनिराळ्या तासांना शिकवला जातो. ते दोन्ही एका फळ्यावर मांडून दाखवावेत. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून साथींच्या आठवणी लिहून घ्याव्यात. पटकीत कोण गेले, कोणी पुरले, पाणी कोठून आणले, गावाने काय केले. जुने सरकारी अहवाल साहेबांनी लिहिले, त्यांत आपण 'हलालखोर' या एका शब्दात आहोत. त्या शब्दातली माणसे बाहेर काढण्याचे काम दुसरे कुणी करणार नाही.

त्या मुलीला मी पुढच्या आठवड्यात उत्तर दिले. स्नोच्या अहवालातला भाग सांगितला, मुंढव्याची वाट सांगितली. तिने वहीत लिहून घेतले आणि विचारले, "सर, हे परीक्षेला येईल का?" मी म्हटले, येणार नाही. तरी तिने लिहिलेले खोडले नाही. दिवाळीनंतर तिने दहा पानांचे टिपण आणून दिले. तिच्या आजीने सांगितलेली, तिच्या गावच्या पटकीच्या साथीची हकीकत आहे. त्यात सात नावे आहेत, मेलेल्यांची नव्हे, मेलेल्यांना उचलणाऱ्यांची.